पानगळीचे रंग आणि जिवंत कुंपण

दगडांचा गडगा, मातीची भिंत, काटेरी तार आणि जिवंत झुडपांची वई ही कुंपणाची चार सर्वपरिचित रूपे होत. यांपैकी पहिली तीन एकदा उभी राहिली की त्यांत फारसा बदल होत नाही. चौथे रूप मात्र सतत बदलत असते. त्याला पालवी फुटते, फुले येतात, फळे धरतात आणि ऋतू पालटला की पाने झडतात. जिवंत कुंपणाचे सौंदर्य यातच आहे आणि त्याची अडचणही यातच आहे. कुंपण लावणाऱ्याची अपेक्षा अशी असते की, त्याने बाराही महिने आडोसा द्यावा. झुडूप मात्र आपल्या निसर्गधर्मानुसार वर्षातील काही काळ पर्णहीन होऊ पाहते. पाने टाकण्यापूर्वी ते कित्येकदा पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांनी न्हाऊन निघते. या रंगांना भुलून लावलेले कुंपण पुढे तीन-चार महिने केवळ काड्यांचे जाळे बनून राहते, असा अनुभव थंड प्रदेशांतील बागाईतदारांना नित्य येतो. आडोसा आणि रंग या दोन्ही गोष्टी एकाच कुंपणाकडून कितपत आणि कोणत्या उपायांनी मिळविता येतात, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

कुंपणाचे मूळ काम

भारतात जिवंत कुंपणाचा विचार आरंभापासून अडथळा म्हणून झाला, शोभा म्हणून नव्हे. याचे सर्वांत प्रचंड उदाहरण एकोणिसाव्या शतकात घडले. मिठावरील कर चुकविला जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने देशाच्या मध्यातून एक जकातरेषा आखली होती. १८६९च्या सुमारास ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, म्हणजे जवळजवळ २,३०० मैल, पसरलेली होती आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्यास होती. तिच्या बऱ्याच मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर यांसारख्या काटेरी वनस्पतींची वई वाढविण्यात आली. जेथे ती चांगली जोपासली गेली तेथे तिची उंची दहा ते चौदा फुटांपर्यंत पोहोचली होती. पुढे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांमध्ये ज्यांची गणना झाली, ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या जकातखात्याचे आयुक्त होते. १८७९ साली ही रेषा रद्द झाली आणि वई ओस पडली. तिच्या उभारणीत पानांच्या रंगाचा विचार कोणीही केला नसेल, हे उघडच आहे.

खेड्यांतील कुंपणांचा हेतूही याहून निराळा नव्हता. महाराष्ट्रात शेर, निवडुंग, घायपात, सागरगोटा, चिल्हार, मोगली एरंड, निरगुडी, कोयनेल, मेंदी यांची कुंपणे पिढ्यान् पिढ्या लावली जात आहेत. गुरांनी तोंड लावू नये, पाण्याविना जगावे आणि खोचलेल्या फांदीलाही मूळ फुटावे, अशाच गुणांसाठी यांतील बहुतेक वनस्पती निवडल्या गेल्या. पानाच्या रंगासाठी कुंपण लावण्याची कल्पना मूलतः थंड प्रदेशांतील होय. भारतात ती हिमालयाच्या उतारांवर आणि तेथील थंड हवेच्या ठिकाणी रुजू शकते. मैदानांत मात्र तिला दुसरे रूप घ्यावे लागते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी पान मुळात का रंगते ते पाहणे आवश्यक आहे.

पान का रंगते?

हिरव्या पानात केवळ हिरवाच रंग असतो, असे नाही. सूर्यप्रकाश शोषून अन्न तयार करणाऱ्या हरितद्रव्याबरोबरच त्यात कॅरोटिनॉइड वर्गातील पिवळी व नारिंगी द्रव्येही असतात. परंतु हरितद्रव्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे ती एरवी झाकलेली राहतात. हरितद्रव्यासंबंधीचे मूलभूत संशोधन जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी केले आणि वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील या कार्याबद्दल त्यांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की झाड येणाऱ्या हिवाळ्याची तयारी करू लागते. पानातील नायट्रोजनासारखी मौल्यवान द्रव्ये ते फांदीत आणि खोडात परत ओढून घेते. या क्रियेत हरितद्रव्याचे विघटन होते आणि आजवर झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो. म्हणजे पिवळा रंग नव्याने निर्माण होत नाही. तो केवळ उघडा पडतो. लाल आणि जांभळट रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि हे द्रव्य बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होते. त्यासाठी पानात साखर साठलेली असावी लागते आणि पानावर भरपूर ऊन पडावे लागते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या थोडी वरची थंडी असली म्हणजे लाल रंग सर्वांत खुलतो. आकाश दिवसेंदिवस ढगाळ राहिले तर तो फिका पडतो आणि अकाली कडक हिमतुषार पडले तर पान रंगण्यापूर्वीच करपून जाते.

याच सुमारास देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. त्यामुळे पान आणि फांदी यांचा संबंध हळूहळू तुटतो आणि वाऱ्याच्या झुळुकीनेही पान खाली येते. पानाचा रंग ही अशा रीतीने त्याच्या निरोपाची पूर्वसूचना असते. ज्या कुंपणाला हा रंग हवा, त्याने पुढची पानगळही पत्करली पाहिजे.

या ठिकाणी ऋतूंच्या नावांचाही थोडा विचार करावयास हवा. मराठी वाचकाच्या मनात पानगळीचा संबंध शिशिराशी, म्हणजे माघ-फाल्गुनाशी जोडलेला आहे. दख्खनच्या रानात साग आणि पळस पाने टाकतात ते मुख्यतः कोरडेपणामुळे. पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी संपत येते आणि पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय झाडाला परवडेनासा होतो. युरोप, जपान आणि हिमालय येथील पानगळ मात्र थंडीच्या चाहुलीने, आश्विन-कार्तिकातच सुरू होते. काश्मीरमध्ये या ऋतूला ‘हरुद’ असे म्हणतात आणि तेथील चिनार याच दिवसांत प्रथम पिवळे व मग तांबूस होतात. दोन्ही पानगळींचा हेतू एकच असला, तरी रंगाला लागणारी थंड रात्र आणि उजळ दिवस यांची जोडी सर्वत्र सारखी जुळून येत नाही.

वाळूनही न गळणारी पाने

रंग आणि आडोसा यांचा मेळ घालण्याचा एक मार्ग युरोपातील बीच या वृक्षाने दाखविला आहे. बीच हा वस्तुतः उंच वाढणारा वनवृक्ष आहे. परंतु नियमित छाटणी केल्यास त्याचे दाट कुंपण तयार होते. शरदात त्याची पाने पिवळी आणि मग तांब्याच्या रंगाची होतात. पुढे ती वाळतात, पण गळत नाहीत. देठाच्या बुडाशी असणारा तो नाजूक थर पुरता तयार न झाल्यामुळे वाळलेली पाने हिवाळाभर फांदीवरच टिकून राहतात आणि वसंतात नव्या कळ्या फुगू लागल्या म्हणजे झडतात. हा गुण झाडाच्या कोवळ्या वयात आणि खालच्या फांद्यांत अधिक आढळतो. छाटणीमुळे कुंपणातील झाड जणू कायम कोवळ्या वयातच राहते, म्हणून कुंपणात तो विशेष ठळकपणे दिसतो. हॉर्नबीम या दुसऱ्या युरोपीय वृक्षाचीही हीच रीत आहे. पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत बीच चांगला वाढतो, तर चिकण आणि ओलसर जमिनीत हॉर्नबीम अधिक उपयोगी पडतो.

स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात मिकलोर येथे रस्त्याच्या कडेने बीच वृक्षांचे एक जगप्रसिद्ध कुंपण उभे आहे. ते १७४५ साली लावले गेले असे मानतात. त्याची उंची सुमारे ३० मीटर आणि लांबी ५३० मीटर आहे. जगातील सर्वांत उंच कुंपण म्हणून त्याची नोंद झालेली आहे. ज्या गृहस्थाने ते लावले तो पुढच्याच वर्षी कलोडनच्या लढाईत मारला गेला. कुंपण मात्र पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले. झुडपांची निवड करणारा माणूस आपल्या आयुष्यापलीकडचा निर्णय घेत असतो, याची ही साक्ष आहे.

जपानमध्ये याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधण्यात आले. तेथे ‘दोदान-त्सुत्सुजी’ नावाचे एक लहान पानांचे झुडूप बागेच्या कडेने लावून काटेकोरपणे कापले जाते. वसंतात त्याला घंटेच्या आकाराची लहान पांढरी फुले येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास सारे कुंपण लालबुंद होते. त्याची पाने गळतात हे खरे. परंतु वारंवार छाटल्यामुळे बारीक काड्या इतक्या दाट होतात की, पानांविनाही ते कुंपणच वाटते. ते नजर पूर्णपणे अडवीत नाही, पण हद्द स्पष्ट राखते. बीच वृक्षाने वाळलेल्या पानांनी जे साधले, ते या झुडपाने काड्यांच्या विणीने साधले. याला आम्लधर्मी जमीन आणि थंड हवामान लागते. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत त्याचा प्रयोग व्यर्थ ठरतो.

हिमालयाच्या उतारांवर

परदेशी झुडपांकडे वळण्यापूर्वी हिमालयाच्या मधल्या उंचीवर आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींकडे पाहणे अधिक शहाणपणाचे होय. दक्षिण युरोपापासून पश्चिम हिमालयापर्यंत आढळणारे एक झुडूप गढवालकडे ‘तुंग’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या फुलोऱ्याचे केसाळ देठ दुरून धुरासारखे दिसतात, म्हणून इंग्रजीत त्याला धुराचे झाड म्हणतात. कोरड्या, खडकाळ आणि उन्हाच्या उतारावर ते समाधानाने वाढते आणि पानगळीपूर्वी त्याची गोल पाने नारिंगी-लाल होतात. सुपीक जमीन आणि भरपूर खत मिळाले, तर वाढ जोमाची होते, पण रंग उणावतो. रेखीव कापलेल्या कुंपणापेक्षा मोकळा वाढू दिलेला आडोसा म्हणून त्याचा उपयोग करावा.

डाळिंबाचे नाव येथे घेतलेले पाहून काहींना नवल वाटेल. महाराष्ट्रात डाळिंब हे फळबागेचे झाड म्हणून परिचित आहे. पश्चिम हिमालयाच्या उतारांवर मात्र ते रानटी अवस्थेत वाढते आणि त्याच्या आंबट दाण्यांपासून अनारदाणा तयार करतात. ते काटेरी असते, छाटणी सोसते आणि थंडी पडू लागताच त्याची लहान चकचकीत पाने स्वच्छ पिवळी होतात. फुले, फळे, काटे आणि रंग या चारही गोष्टी देणारी कुंपणयोग्य झाडे थोडीच आहेत.

ज्यांना हिवाळ्यातही आडोसा हवा, त्यांच्यासाठी कुमाऊँमधील ‘घिंगारू’ हे काटेरी झुडूप आहे. ते सदाहरित असून त्याची पाने रंगत नाहीत. पण पावसाळ्यानंतर त्याच्या फांद्या नारिंगी-लाल फळांच्या घोसांनी भरून जातात. रंग पानाचाच असला पाहिजे असा आग्रह सोडला, तर शरदातील शोभा आणि बाराही महिन्यांचा आडोसा ही दोन्ही कामे हे एकटे झुडूप पार पाडते.

भिंत किंवा तारेची जाळी मुळातच उभी असेल, तर तिच्यावर वेल चढविणे हा सोपा मार्ग आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या जुन्या बंगल्यांवर पाच पर्णिकांचा अमेरिकेतून आलेला वेल पाहावयास मिळतो. त्याच वंशातील, परंतु तीन पर्णिकांचा एक वेल हिमालयात नैसर्गिकरीत्या वाढतो आणि त्याची पाने शरदात तशीच लाल होतात. वेलाची पाने गळली तरी मागची जाळी किंवा भिंत आडोशाचे काम करीतच राहते, त्यामुळे येथे रंग आणि आडोसा यांत विरोधच उरत नाही.

मैदानी प्रदेशातील उलटा क्रम

उत्तर भारताच्या मैदानात हिवाळ्यातील रात्री बऱ्याच थंड असतात. त्यामुळे तेथे काही झुडपे चांगली रंगतात. त्यांत सावनी हे प्रमुख होय. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या ताम्हणीच्याच वंशातील हे झुडूप पावसाळ्यात गुलाबी, पांढऱ्या किंवा जांभळट फुलांनी भरते आणि हिवाळ्याच्या आरंभी त्याची पाने पिवळी, नारिंगी व तांबूस होऊन गळतात. रस्त्याच्या कडेला किंवा बागेच्या आतील विभागांमध्ये त्याच्या ओळी लावतात. दक्षिणेकडे जावे तसा हा रंग क्षीण होत जातो. कोकणात हिवाळ्याच्या अखेरीस देशी बदामाची मोठी पाने लाल होऊन गळतात. परंतु ते पसरट फांद्यांचे मोठे झाड आहे, कुंपणाचे झुडूप नव्हे.

तथापि उष्ण प्रदेश रंगहीन आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. तेथे रंग असतो, पण तो जाणाऱ्या पानाला नसून येणाऱ्या पानाला असतो. पिंपळाची तांबूस पालवी, आंब्याची तपकिरी-जांभळी पालवी आणि चैत्राच्या सुमारास कुसुंब वृक्षावर फुटणारी लालभडक पालवी ही याची परिचित उदाहरणे होत. कोवळ्या पानातही अँथोसायनिन द्रव्यामुळेच लाली येते. अपक्व पानाला प्रखर उन्हापासून संरक्षण मिळावे हा या लालीचा एक उपयोग असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. पान जून झाले की हरितद्रव्य वाढते आणि लाली मावळते.

कुंपणाच्या दृष्टीने हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. थंड प्रदेशातील झुडपाला वर्षातून एकदाच रंग येतो आणि त्यासाठी त्याची पाने शरदापर्यंत जपावी लागतात. उष्ण प्रदेशातील झुडपाला मात्र प्रत्येक छाटणीनंतर नवी पालवी फुटते आणि दर वेळी नव्याने रंग येतो. जांभळाच्या नात्यातील आणि रोपवाटिकांत ‘युजेनिया’ या नावाने विकले जाणारे झुडूप याच कारणासाठी शहरांतील बागांत लोकप्रिय झाले आहे. ते सदाहरित असते. त्यामुळे आडोसा कधीच मोडत नाही. याखेरीज अ‍ॅकॅलिफा, क्रोटन आणि सोनेरी पानांचा ड्युरांटा यांची पाने तर सदैवच रंगीत असतात. पण तो ऋतूचा रंग नव्हे. तो त्या जातीचाच रंग होय. ऋतुबदलाची चाहूल देण्याचा गुण त्यांच्यात नसतो.

दारुहळदीच्या कुळातील धडा

रंगीत पानांच्या मोहाने केलेली निवड केवळ बागेपुरती मर्यादित राहत नाही, याचे बोलके उदाहरण दारुहळदीच्या वंशातील काटेरी झुडपांच्या इतिहासात मिळते. युरोपातील बार्बेरी हे झुडूप शेतांच्या कुंपणासाठी फार पूर्वीपासून लावले जात असे. त्याच्या आसपास गव्हावर तांबेरा अधिक पडतो, अशी शेतकऱ्यांची खात्री होती. फ्रान्समधील रूआं येथे १६६० साली ही झुडपे नष्ट करण्याचा कायदा झाल्याचे सांगतात. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६५च्या सुमारास या समजुतीला शास्त्रीय आधार दिला. काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनक्रमाचा एक भाग गव्हावर आणि दुसरा बार्बेरीच्या पानावर पुरा करते, हे त्यांनी दाखविले. अमेरिकेत १९१६ साली तांबेऱ्याने गव्हाची मोठी हानी केली, तेव्हा १९१८पासून तेथे बार्बेरी उपटून टाकण्याची व्यापक मोहीम सुरू झाली.

भारतात परिस्थिती निराळी आढळली. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे चिकाटीने संशोधन करून असे दाखविले की, येथील गव्हावर दरवर्षी पडणाऱ्या तांबेऱ्याला हिमालयातील दारुहळदीची झुडपे जबाबदार नाहीत. मैदानातील कडक उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू मरतात. डोंगराळ भागातील गव्हाच्या रोपांवर ते तग धरून राहतात आणि वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानात उतरतात. एकच वंश, एकच रोग. परंतु एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे या संशोधनाने सिद्ध केले.

अमेरिकेतील कथा येथेच संपली नाही. तांबेऱ्याला बळी न पडणारे म्हणून जपानी बार्बेरी हे झुडूप पुढे आले. त्याचे बी १८७५ साली सेंट पीटर्सबर्गहून बोस्टनजवळच्या आर्नल्ड वृक्षोद्यानात पाठविण्यात आले होते. ठेंगणे, दाट, काटेरी आणि शरदात नारिंगी-लाल होणारे हे झुडूप कुंपणासाठी सर्वथा आदर्श मानले गेले. परंतु त्याची लाल फळे पक्ष्यांनी खाल्ली, बी जंगलात गेले आणि झाडांखालची जमीन या झुडपांनी व्यापून टाकली. हरणे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे स्थानिक वनस्पती खाल्ल्या गेल्या आणि हे मात्र माजले. त्याच्या दाट आणि दमट सावलीत रोग पसरविणाऱ्या गोचिडींना आश्रय मिळतो, असेही दिसून आले. पेन्सिल्व्हानिया राज्याने २०२१ साली त्याचा उपद्रवी तणांच्या यादीत समावेश केला.

असेच दुसरे उदाहरण म्हणजे चीनमधील चरबीचे झाड. त्याच्या बियांवरील मेणासारख्या थरापासून मेणबत्त्या व साबण करीत असत. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्याचे बी अमेरिकेतील जॉर्जियाकडे पाठविले होते. भारतातही हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात ते आणले गेले. शरदात त्याची पाने लाल, जांभळी आणि पिवळी अशी एकाच वेळी होतात आणि उष्णतर हवामानातही रंगणाऱ्या थोड्या झाडांत त्याची गणना होते. पण अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याने गवताळ आणि दलदलीचे प्रदेश व्यापले. हिमालयाच्या पायथ्याशीही ते लागवडीबाहेर पसरले आहे. भारतीय वाचकाला या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे आणि कुंपणाचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणलेली घाणेरी आज देशातील लक्षावधी हेक्टर रानांत माजली आहे. ज्या झुडपाची फळे पक्ष्यांना प्रिय आहेत आणि जे त्या भूमीत परके आहे, त्याची कुंपणासाठी निवड करताना दहा वेळा विचार करावा.

लागवड आणि छाटणी

जागेची पाहणी ही पहिली पायरी होय. लाल रंगासाठी ऊन आवश्यक असल्यामुळे कुंपण दक्षिण किंवा पश्चिम दिशेला मोकळे असावे. घराच्या सावलीत किंवा मोठ्या झाडाखाली लावलेले तेच झुडूप केवळ फिकट पिवळे होते. एकाच कुंपणाची उन्हाकडील बाजू लाल आणि आतील बाजू पिवळी दिसते, त्याचेही कारण हेच.

डोंगराळ भागात पानझडी झुडपांची लागवड ती सुप्तावस्थेत असताना, हिवाळ्याच्या अखेरीस करावी. सुमारे दोन फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून त्यात कुजलेले शेणखत व माती भरावी. झुडपाच्या आकारमानानुसार एक ते दीड फूट अंतर ठेवावे. दाट आडोसा हवा असल्यास दोन ओळी घेऊन दुसऱ्या ओळीतील रोपे पहिल्या ओळीतील मोकळ्या जागांसमोर लावावीत. लावल्यावर रोपांचे शेंडे सुमारे एक तृतीयांश कापले, तर बुडापासून फांद्या फुटतात. हे करण्यास मन धजत नाही. परंतु ज्या कुंपणाचे शेंडे पहिल्या वर्षी राखले जातात, ते खाली विरळ आणि वर दाट असे वाढते आणि हा दोष पुढे सहजासहजी दूर होत नाही. कुंपणाचा पाया रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते.

छाटणीची वेळ ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. थंड प्रदेशातील कुंपण उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, एकदा कापावे. त्यानंतर कात्री लावली, तर जी बाहेरची पाने रंगावयाची तीच कापली जातात आणि त्यांच्या जागी फुटलेली कोवळी पालवी पहिल्या हिमतुषाराने करपते. पावसाळ्यानंतर नायट्रोजनयुक्त खत देणेही टाळावे, कारण त्यामुळे पाने उशिरापर्यंत हिरवी व लुसलुशीत राहतात. उष्ण प्रदेशातील पालवीच्या रंगाचे कुंपण मात्र वाढीच्या दिवसांत वारंवार हलकेच कापत राहावे. एकाला जे घातक, तेच दुसऱ्याला हितकर ठरते.

आडोसा पूर्ण असावा आणि रंगही दिसावा, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी मिश्र कुंपणाचा अवलंब करावा. मागच्या ओळीत सरू किंवा घिंगारू यांसारखी सदाहरित झाडे आणि पुढच्या ओळीत रंगणारी पानझडी झुडपे लावली, तर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल-पिवळा रंग अधिक उठून दिसतो आणि पाने गळल्यावरही घर उघडे पडत नाही. जागा अरुंद असेल तर एकाच ओळीत दोन सदाहरित रोपांमागे एक पानझडी रोप असा क्रम ठेवावा. त्यांची वाढ साधारण सारख्या वेगाची असली पाहिजे. अन्यथा जोमदार झाड शेजारच्या झाडाला दडपून टाकते.

रंग हा पानाच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा आहे आणि कुंपणाचे काम त्यानंतरही चालू राहावयाचे असते. म्हणून निवड करताना झुडूप ऑक्टोबरात कसे दिसते एवढेच न पाहता ते जानेवारीत कसे दिसेल आणि वीस वर्षांनी त्याचे बी कोठे पोहोचलेले असेल, याचाही विचार झाला पाहिजे. रोपवाटिकेतील कुंडीत लालभडक दिसणारे रोप या दोन प्रश्नांची उत्तरे देत नाही. ती शेजारच्या डोंगरावर आपोआप वाढलेल्या झुडपांकडे ऋतुमागून ऋतू पाहिल्यानेच मिळतात.